दुलईसकट मशीन

“अगं, चिऊची धुऊन वाळलेली दुलई मशीनमध्येच राहिली!” नवऱ्याचा फोन आला तेव्हा मॅडम कारखान्यात मीटिंगमध्ये होत्या.

“मग काढ ना.”

“मशीन कुठंय? तुझा ड्रायव्हर घेऊन गेला. मला वाटलं, तूच पाठवलंस. मी तर खाली उतरवायला हातही लावला!”

त्या दुलईशिवाय दोन वर्षांची चिऊ दुपारी डोळा मिटत नसे, आणि झोपली नाही की घर डोक्यावर घेई. फोनमागून तिचा टाहो ऐकू येतच होता.

त्यांची कंपनी हल्ली कपडे धुण्याची मशीनं विकत नसे, भाड्याने देई. बिघडलं की दुरुस्ती कंपनीची. जुनं झालं की परत आणायचं, सुटे भाग पुन्हा वापरायचे. भंगार कमी, नवं लोखंड कमी. त्यावर मॅडमचा खास नियम: मशीन पोचवून येताना गाडी रिकामी आणायची नाही. उगाच डिझेल जाळायचं नाही.

“आज जुनं मशीन उचलायचं होतं, त्या घराला कुलूप,” मॅडमनी आवारात गाठल्यावर ड्रायव्हर म्हणाला. “रिकामा आलो असतो तर तुम्ही फाडून खाल्लं असतं. तुमचं घर वाटेतच. आणि मशीन खडखडतंय म्हणून तुम्हीच कुरकुरत होतात!”

मॅडम वर्कशॉपकडे धावल्या. मशीनचा नुसता सांगाडा उरला होता.

“दुलई? ती गेली की,” फिटर अभिमानाने म्हणाला. “थर्माकोल तुम्हीच बंद केलंत ना? मग दुसऱ्या गाडीतल्या मशीनच्या काचेच्या दाराला गुंडाळून दिली. ओरखडा उठला तर माझं नाव बदला!”

पत्ता घेऊन मॅडम त्या गिऱ्हाइकाच्या दारात धापा टाकत पोचल्या. दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवलेल्या आजींनी. त्यांच्या खांद्यावर, दुलईत गुरफटलेला तान्हा नातू.

“शू! सकाळपासून किरकिरत होता, आत्ता कुठे डोळा लागलाय. मशीनबरोबर दुलई, फार गोड सोय हो तुमची. भाड्यातच धरलीय ना?”

मॅडमनी हात पुढे केला. दुलईचा कोपरा बाळाच्या मुठीत घट्ट होता. झोपलेल्या बाळाची मूठ सोडवायला काळीज दगडाचं लागतं.

“भाड्यातच,” त्या पुटपुटल्या आणि जिन्यात येऊन घरी फोन लावला. “फार रडतेय का रे?”

“झोपली,” नवरा कुजबुजला. “मशीनच्या रिकाम्या जागेत उशी घेऊन शिरली. म्हणते, हे माझं घर. नवीन मशीन आणू नकोस हं.”

“अरे, मग कपडे?”

“मीच धुतोय. हळू बोल, उठेल ती!”