श्वास रोखून धरावा

"आज तरी तुला माझं ऐकावंच लागेल!" स्कॅनच्या खोलीबाहेर निवेदकाने बायकोला छाती फुगवून सांगितलं.

कारणही तसंच होतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची चित्रं काढणारं ते नवंकोरं यंत्र रुग्णांना सूचना देई आणि तो भारदस्त आवाज निवेदकाचाच होता. अख्खं शहर त्या आवाजावर श्वास घेत नि सोडत होतं. घरात मात्र त्याला काडीची किंमत नव्हती!

बायकोच्या छातीत आठवडाभर कळ येत होती. चित्र स्पष्ट आलं तर ठीक, नाहीतर मनगटातून नळी घालून तपासणी. त्या विचारानेच निवेदक धास्तावला होता. बढाई चालली होती ती म्हणूनच.

बायको आत जाऊन झोपली. निवेदक काचेअलीकडे डॉक्टरीणबाईंजवळ उभा राहिला. रक्तवाहिन्या उठून दिसण्याचं औषध टोचण्याआधी श्वासाचा सराव सुरू झाला.

"आपण दीर्घ श्वास घ्यावा," यंत्र म्हणालं.

"घेतेच आहे की!" आतून उत्तर आलं.

"श्वास रोखून धरावा."

"आधी गॅस बंद केलात का ते सांगा!"

"काकू, बोलायचं नाही!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"सवय हो! हा आवाज कानावर पडला की तोंड आपोआप चालतं."

पुन्हा सराव. या खेपेला तिला हसू फुटलं. "आपण म्हणे! घरी कधी म्हणालात?" तिसऱ्या खेपेला तर यंत्राशी चक्क भांडण जुंपलं आणि नाडी सुसाट सुटली.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, असं चाललं तर नळीच घालावी लागेल. रेकॉर्डिंग बंद करते आणि औषध सोडते. मीच सांगितलं असतं, पण त्यांना बोलायचंय तुमच्याशीच! घ्या माइक. निवेदन नको, साधं बोला."

निवेदकाने माइक हातात घेतला. भारदस्तपणा कुठल्या कुठे पळाला.

"अगं... श्वास घे. हं, आता धरून ठेव. एवढं एक ऐक गं माझं."

आवाज कापत होता. आत चिडीचूप!

काही सेकंदांतच पडद्यावर बायकोचं हृदय उमटलं. डॉक्टरीणबाईंनी ते सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. "अडथळा कुठेच दिसत नाही, काका!"

निवेदकाचे डोळे भरून आले. माइक हातात धरून तो त्या हृदयाकडे बघतच राहिला. इतक्यात आतून धाडधाड पाय आपटल्याचा आवाज आला.

"अहो!" बायको धापा टाकत किंचाळली, "श्वास सोड असं कोण म्हणणार? जन्मात एकदा तुमचं ऐकलं, तर जीव जायची वेळ आली!"