बस्त्यावकाका आणि केंड मासा

आमच्या मजल्यावरचे बस्त्यावकाका दर रविवारी बेल वाजवतात आणि दार उघडताच म्हणतात, "वहिनी, पिशवी दाखवा." मग बाजारातून आणलेला प्रत्येक मासा उलटापालटा करून बघतात, "पास" म्हणतात आणि जातात.

आम्ही दादरहून भाईंदरला राहायला आलो तेव्हा मला वाटायचं, यांना तुकडी हवी असते. एकदा तळून नेऊन दिली. काका म्हणाले, "मी मासा खात न्हाय." उत्तनच्या कोळ्याचा मुलगा, वय सत्तर, आणि मासा खात नाही. मी ताटली घेऊन तशीच परत आले.

मागच्या महिन्यात मुर्धा गावच्या एका ओळखीच्या माणसाने माझ्या नवऱ्याला मासा दिला. कातडी सोललेला, पांढराशुभ्र. तुकड्या तव्यात पडल्या आणि काका आले. ओट्यावरचं मुंडकं त्यांनी हातात घेतलं. पुढे चारच दात, पोपटाच्या चोचीसारखे. त्यांनी गॅस बंद केला, तवा उचलला आणि सगळं कचऱ्यात ओतलं.

"कुणी चाखलं?"

"नाही."

"केंड हाय हा. शिजवून याचं विष जात न्हाय. आधी ओठांना मुंग्या, मग हातपाय जातात, मग श्वास. डोकं तेवढं जागं राहतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

काका स्टुलावर बसले. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनीच केंड घरी आणला होता, मोठ्या ऐटीत. स्वतः जेवायला उशिरा आले, म्हणून वाचले. बायको मेरी हॉस्पिटलात, श्वासाच्या मशीनवर. पापणीही हलेना. डॉक्टर म्हणाले, आशा कमी. काका आणि त्यांचा मेव्हणा तिच्या पायांशी उभे राहून शवपेटीचं बोलले. लाकूड कुठलं, लांबी किती.

"तिसऱ्या दिवशी ती बोलायला लागली," काका म्हणाले. "पहिलं वाक्य काय, माहीत हाय? साडेपाच फुटांची पेटी कशाला सांगितलीत, मी पाच फुटांचीच हाय."

मला हसू आलं आणि लगेच अंगावर काटा आला. तिने सगळं ऐकलं होतं.

"नंतर कधी बोलल्या त्यावर?"

"कधीच न्हाय. चाळीस वर्षं संसार केला." काका हाताचा वास धुवायला उठले. नळाखाली बराच वेळ हात चोळत राहिले. "गेल्या नाताळाआधी गेली. डॉक्टरांनी सांगितलं, संपलं सगळं. तरी मापाचं बोलायला मी मेव्हण्याला खोलीबाहेर नेलं. दार ओढून घेतलं."