पास्टर सिआओसींचा सामुदायिक एकांत

मेंढपाळाची प्रकृती ठीक असेल तरच कळपाची प्रकृती ठीक राहते, हे सत्य सर्व ख्रिस्ती जगाला मान्य आहे. सामोआ बेटांवरच्या फालेसीना गावालाही ते मान्य आहे. (या गावात आजवर कुणी जिवंत मेंढरू पाहिलेलं नाही. डुकरं उदंड आहेत, पण ती कुणाच्या मागून चालत नाहीत, त्यामुळे दाखला द्यायला उपयोगी पडत नाहीत.)

म्हणूनच, राजधानी आपिआमधल्या चर्चच्या मुख्य कार्यालयातून जेव्हा कळवण्यात आलं की पास्टर मंडळी थकत चालली आहेत, आतून कोरडी पडत आहेत, आणि यापुढे प्रत्येक गावाने आपल्या पास्टरच्या आध्यात्मिक व भावनिक आरोग्याची जबाबदारी उचलावी, तेव्हा गावसभेने तो विषय अग्रक्रमाने घेतला. आध्यात्मिक आरोग्यावर चर्चा झाली नाही. ते पास्टरचं खातं. त्यात ढवळाढवळ नको. भावनिक आरोग्य म्हणजे काय, यात मात्र सगळी सकाळ गेली. शेवटी चर्चचे सेवक, डीकन एनेलिको यांनी कोंडी फोडली.

"भावना छातीत असतात," ते म्हणाले, "आणि छातीकडे जाणारा रस्ता घशातून आहे. यात एवढं डोकं फोडण्यासारखं काय आहे?"

गावातल्या घरांनी आळीपाळीने पास्टरला जेवण पाठवायचं, ही रीत जुनीच. त्या आठवड्यापासून ताटं दुप्पट झाली. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, भाजलेले अळूचे कंद, डब्यातलं खारं मांस, रविवारी डुकराची पाठ. महिन्याभरात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पास्टरांची साखर वाढल्याचं सांगितलं. गावाने ही बातमी समाधानाने ऐकली. काहीतरी वाढत होतं.

पास्टर सिआओसींचं दुखणं निराळं होतं. त्यांचा थोरला भाऊ पेनी ऑकलंडमध्ये वारला होता, आणि तिकडेच त्याला पुरलं होतं. सिआओसींना जाता आलं नाही, कारण त्याच आठवड्यात चर्चच्या नव्या छपराचं अर्पण होतं, आणि पास्टरवाचून छप्पर अर्पण करता येत नाही. (भाऊ पास्टरवाचूनही पुरता येतो.) शनिवारी निरोप आला, रविवारी त्यांनी आनंदावर प्रवचन दिलं. ते चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. तेव्हापासून त्यांना रडायला सवड मिळाली नव्हती. लहानपणी दोघं भाऊ ओहोटीच्या वेळी खडकांच्या रांगेपर्यंत चालत जाऊन ऑक्टोपस पकडायचे. सिआओसींना एवढंच हवं होतं की एखाद्या सकाळी तसं उथळ पाण्यात जाऊन बसावं, किनाऱ्याकडे पाठ करून, आणि पोटभर रडावं.

पुढच्या सभेत त्यांनी धीर करून सांगितलं, "मला आठवड्यातून एक सकाळ एकटं राहायला मिळालं, तर बरं होईल."

फालेसीनामध्ये एकटं कुणी नसतं. गावसभेने वाळीत टाकलेला माणूस एकटा असतो, पण त्यालाही त्याचे मेव्हणे येऊन भेटतात. मेलेली माणसंसुद्धा एकटी नसतात. त्यांना अंगणात पुरतात आणि त्यांच्या थडग्यावर कपडे वाळत घालतात. तेव्हा आपले पास्टर स्वतःच्या तोंडाने एकटेपणा मागताहेत, याचा अर्थ आजार फार पुढे गेला आहे, हे सर्वांच्या लक्षात आलं.

गावप्रमुख सेउमालो हे हळव्या मनाचे गृहस्थ. त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "पास्टर, तुम्ही एकटे असाल तेव्हा तुमच्यासोबत कुणी कुणी बसायचं?"

"कुणीच नाही, सरदार."

"कुणीच नाही ते कळलं. पण त्यातल्या त्यात?"

अशा रीतीने एकांत समिती स्थापन झाली. पास्टरांना एकांतात एकटं वाटू नये याची दक्षता घेणे, हे तिचं उद्दिष्ट. अध्यक्षपद महिला मंडळाच्या प्रमुख आसेनाती यांच्याकडे आलं, कारण त्या जिच्यावर नाहीत अशी समिती गावात अजून टिकलेली नाही.

रोज संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी गावात शंख फुंकला जातो. तरुण मंडळी रस्त्याच्या कडेने उभी राहतात, आणि दुसरा शंख होईपर्यंत कुणी जागचं हलत नाही. हललं तर दंड. समितीने हाच नियम सोमवारच्या सकाळला लावला. एकांत बंद घरात घेतला तर तो खरंच घेतला की नाही हे गावाला कसं कळणार, म्हणून पास्टरांना समोरच्या, भिंतीच नसलेल्या, नुसत्या खांबांच्या घरात बसवण्यात आलं. झावळ्यांचे पडदे वर गुंडाळले. दोन बायका माश्या वारायला बसल्या. भजनी मंडळाने हलक्या आवाजात शांतीची गाणी धरली. उरलेला गाव आपापल्या ओसरीतून पास्टरांच्या विश्रांतीकडे टक लावून पाहत बसला, आणि कुणी खोकलं की शेजारी त्याला चिमटा काढत.

पहिल्या सोमवारी पास्टर थोडा वेळ बसले, मग उठून समुद्राकडे निघाले. रस्त्यावरच्या तरुणांनी त्यांना अदबीने अडवलं.

"पास्टर, शंख झालाय. आता हललं तर दंड आहे."

"अरे, पण हा शंख माझ्यासाठीच आहे ना?"

"म्हणून तर. दुसरं कुणी असतं तर सोडलं असतं."

नियमाप्रमाणे पास्टरांना एका मोठ्या डुकराचा दंड झाला. पास्टरांचा सर्व खर्च गाव उचलतो, म्हणून तो दंड गावाने भरला. दंडाचं डुक्कर गावाला मिळतं, म्हणून ते गावानेच भाजून खाल्लं. आणि भाजलेल्या डुकराचा मानाचा भाग पास्टरांचा, म्हणून पाठ त्यांच्याकडे आली. कुणाचंच नुकसान झालं नाही. पुढच्या सोमवारी पास्टर पुन्हा उठतील का, अशी आशेने चौकशी होऊ लागली.

"उठू नका बाई," त्यांची बायको लोसा म्हणाली. "त्या एनेलिकोने डुक्कर भाजायला आत्ताच चूल खणून ठेवलीय."

"मग रडू कुठे गं मी?"

"घरात रडा."

"घरात बायबलच्या वर्गाची पोरं असतात."

लोसाने विचार केला. तिलाही जागा सुचली नाही. ती स्वतः कपडे धुताना रडून घेई, पण गावाने पास्टरला धुणं करू दिलं नसतं.

तिसऱ्या सोमवारी ओहोटी लागली होती. खांबांमधून खडकांची रांग स्वच्छ दिसत होती. भजनी मंडळ दुसरं कडवं म्हणत होतं, एका बाईने पास्टरांच्या कानावरची माशी वारली, आणि त्यांचा बांध फुटला. ते मांडी घातलेले तसेच, आधी आवाज न करता आणि मग मोठ्याने, लहान पोरासारखे रडू लागले.

भजन थांबलं. एकांत बिघडला, हे उघड होतं. सगळी समिती धावत आत आली. आसेनाती त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी पास्टरांचा हात हातात घेतला.

"कुणासाठी रडताय, पास्टर?"

तो प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. सिआओसींनी घसा साफ केला. "माझा भाऊ," ते म्हणाले. "पेनी. ऑकलंडला होता. आम्ही दोघं लहानपणी..."

"ऑकलंड," आसेनाती म्हणाल्या. "माझा मुलगा ऑकलंडलाच आहे. नाताळपासून त्याचा फोन नाही. त्या गोऱ्या मुलीने त्याला काय केलंय कोण जाणे." आणि त्या हुंदके देऊ लागल्या.

सेउमालोंना भाऊ या शब्दावरून त्यांचा भाऊ आठवला, जमिनीच्या भांडणात दुरावलेला. तेही रडू लागले. डीकन एनेलिकोंना भाऊच नव्हता, आणि याचं दुःख त्यांना त्या दिवशी प्रथमच जाणवलं. माश्या वारणाऱ्या बायकांनी पंखे खाली ठेवले. रस्त्यावरच्या तरुणांतला एक, ज्याचं लग्न मोडलं होतं, तो शंखावर डोकं ठेवून रडू लागला. मग सारा गाव रांग लावून आत आला.

पास्टर सिआओसींनी डोळे पुसले. एवढी दुःखी माणसं समोर असताना पास्टरने काय करायचं, हे त्यांना शिकवलेलं होतं. त्यांनी आसेनातींच्या डोक्यावर हात ठेवला, सेउमालोंचं भांडण पहिल्यापासून ऐकून घेतलं, आणि एनेलिकोंना न झालेल्या भावासाठी प्रार्थना केली. दुसरा शंख फुंकायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सूर्य कलेपर्यंत ते एकेकाला जवळ घेत होते. रांग संपली तेव्हा भरती आली होती, आणि खडकांची रांग पाण्याखाली गेली होती.

"बरं वाटतंय ना आता?" जाताना सेउमालोंनी विचारलं.

"हो," पास्टर म्हणाले.

समितीने मुख्य कार्यालयाला कळवलं की पास्टरांच्या भावनिक आरोग्याची स्थिती उत्तम आहे. मध्यंतरी जरा बिघाड झाला होता, पण गावाने त्यांना वेळीच कामाला लावून तो दुरुस्त केला. कार्यालयाने आनंद व्यक्त केला. आता सोमवारी आसपासच्या गावांतली माणसंही येतात. येताना आपापली दुःखं आणि खाण्याचे डबे घेऊन येतात. गर्दी वाढल्यामुळे पास्टरांसाठी जरा उंच आसन करून दिलं आहे.

वाचकहो, फालेसीनाच्या लोकांना नावं ठेवण्याची घाई करू नये. ती माणसं अडाणी नाहीत आणि दुष्ट तर मुळीच नाहीत. परवाच तुमच्याकडे कुणीतरी बसलं होतं. "आमचा भाऊ गेला हो," असं म्हणून ते क्षणभर थांबलं, कारण पुढचं वाक्य अवघड होतं. आणि तुम्ही, अगदी मनापासून कळवळून, म्हणालात, "अगंबाई. आमच्याकडेही गेल्या वर्षी असंच झालं."

मग त्यांनी तुमचं सगळं ऐकून घेतलं. ते निघाले तेव्हा तुम्हाला किती हलकं वाटत होतं.