ओव्हनमधून निघालेलं पत्र

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दुपारी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले सहायक थेंबकाका एका गोल फिल्टर पेपरवर काचेच्या बारीक कांडीने पत्र लिहीत होते. पत्र द्यायचं नव्हतं, त्यामुळे अगदी मोकळेपणाने लिहिता येत होतं. शाई म्हणून कोबाल्ट क्लोराइडचं पातळ द्रावण घेतलं होतं. ते कागदावर वाळलं की काही दिसत नाही. ऊब लागली की अक्षरं निळी उमटतात आणि हवेतली ओल शोषली की पुन्हा नाहीशी होतात. मनातलं लिहायला त्यांना याहून सोयीची शाई सापडली नसती.

थेंबकाका हे मुलांनी ठेवलेलं नाव. ब्युरेटची तोटी फिरवणाऱ्या प्रत्येकाच्या मागे उभं राहून ते ‘थेंब थेंब, घाई नको’ म्हणत. स्वतःच्या बाबतीतही त्यांनी हेच धोरण ठेवलं होतं. वय अठ्ठेचाळीस, लग्न राहून गेलेलं. पत्र होतं ते प्रात्यक्षिकं घेणाऱ्या मॅडमना. त्या पंचेचाळिशीच्या, त्याही एकट्याच. अकरा वर्षं दोघं एकाच प्रयोगशाळेत होती आणि आता मॅडमची संस्थेच्या चार तासांवरच्या शाखेत बदली झाली होती. त्यांच्यापेक्षा जेमतेम तीन वर्षांनी लहान असलेल्या मॅडमही त्यांना ‘काका’च म्हणत. ती हाक आली की ते ‘ओ’ द्यायचे आणि पुढची पाच मिनिटं उगाच परीक्षानळ्या पुसत राहायचे.

पत्र वाळलं. तेवढ्यात स्टोअरमध्ये कसलीतरी बाटली फुटली, म्हणून काका धावले. परत येऊन बघतात तर कोणीतरी टेबल आवरलेलं, शंभर कोऱ्या फिल्टर पेपरांची एकच चळत केलेली, आणि त्यांचा पेपर त्यातला कोणता ते ओळखायला काही मार्ग नाही. शंभरच्या शंभर तापवून बघायला हवे होते, पण मॅडमनी हाक मारली, “काका, ब्युरेट मोजून घेऊ या का?” आणि काका ‘ओ’ देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. माणूस शिस्तीचा. “कोरा पेपरसुद्धा आधी ओव्हनमध्ये वाळवायचा, मग वजन करायचं,” त्यांनी फर्मावलं. पंधरा मिनिटांत तिसऱ्या टेबलावरची मुलगी पेपर चिमट्यात धरून उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता.

“सर, माझ्या पेपरवर काहीतरी लिहिलंय.”

परीक्षकांनी पाहिलं. निळी अक्षरं होती. “हं,” ते म्हणाले. “कॉपी.” आणि त्यांनी विभागप्रमुखांना बोलावणं पाठवलं.

विभागप्रमुख सर चष्मा शोधून, पुसून येईपर्यंत पेपर गार झाला होता. त्यांनी तो उलटसुलट केला. “यावर तर काहीच नाही.”

“आत्ता होतं.”

“तुम्ही प्रवासातून थेट आलात. सरबत मागवू का?”

परीक्षक दुखावले. त्यांनी स्वतःच्या हाताने पेपर ओव्हनमध्ये ठेवला. अक्षरं आली. मोठ्याने वाचायला लागले तोवर पुसट झाली. तिसऱ्यांदा तापवल्यावर कुठे पूर्ण वाचून झालं. सगळा वर्ग ब्युरेट सोडून ऐकत होता.

‘तुम्ही आता इथून जाणार. रोज सकाळी जिन्यावर तुमची पावलं वाजली की मी बर्नर पेटवतो. मग कोणासाठी पेटवायचा? अकरा वर्षं बोलायचं म्हणतोय. तुमच्याशिवाय मला ही प्रयोगशाळा नको.’

“ही कॉपी दिसत नाही,” परीक्षक जरा विचार करून म्हणाले. “पण मुलीने परीक्षेत पत्रव्यवहार केलेला दिसतो.”

मुलगी रडायला लागली. आता गप्प बसणं शक्य नव्हतं. काका पुढे झाले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, “ते मी लिहिलंय. तिचा काही संबंध नाही.”

मग विभागप्रमुखांनी चष्मा काढला. ते महिनाअखेरीला निवृत्त होणार होते.

“एकतीस वर्षं नोकरी केली,” ते म्हणाले. “मी जातोय याचं कोणाला काही वाटत असेल असं मला वाटलं नव्हतं हो.” आणि त्यांनी काकांना मिठी मारली. काकांनी त्यांच्या खांद्यावरून मॅडमकडे पाहिलं. मॅडम वजनकाट्याकडे बघत होत्या. काट्यावर काहीच ठेवलेलं नव्हतं.

सरांनी पेपर घडी न घालता वहीत ठेवला. “घरी नेतो. आमच्या हिला इस्त्री फिरवून दाखवतो.”

परीक्षा संपल्यावर जिन्यात मॅडम थांबल्या.

“सर साडेअकराला येतात.”

“हो.”

“आणि रबरी चपला घालतात. त्यांची पावलं वाजत नाहीत.”

काकांनी ॲप्रनच्या खिशात काहीतरी शोधायला सुरुवात केली.

“बदली माझी कोणी केली नाही,” मॅडम म्हणाल्या. “मीच अर्ज दिला होता. किती वर्षं वाट बघायची माणसाने? मुलं काका म्हणतात म्हणून मीही मुद्दाम म्हणायला लागले. वाटलं, चिडून तरी काही बोलाल. तर तुम्ही ओ द्यायला लागलात.”

काकांना पुष्कळ बोलायचं होतं. पण परीक्षक गाडीची वेळ विचारत खाली आले, मॅडम बाजूला झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सुट्टी लागली. मॅडम बहिणीकडे गेल्या.

सुट्टीच्या पहिल्याच सकाळी काकांनी आयुष्यात प्रथम घाई केली. मॅडमच्या नव्या शाखेत बदली मिळावी, असा अर्ज लिहिला आणि सरांच्या घरी नेला. सरांनी तो दोनदा वाचला. “माझ्यामागे इथे राहवणार नाही तुम्हाला. कळतं मला,” म्हणाले, आणि मुख्य कार्यालयात स्वतः जाऊन मंजुरी घेऊन आले. मॅडमना यातलं काही सांगायचं नाही, समोर जाऊन उभंच राहायचं, असं काकांनी ठरवलं होतं.

सत्र सुरू झालं त्या दिवशी नवा शर्ट घालून ते चार तासांचा प्रवास करून पोहोचले. तिथल्या लिपिकाने हजेरीपुस्तक पुढे केलं.

“प्रात्यक्षिकांच्या मॅडम आल्या का?” काकांनी सही करता करता सहज विचारलं.

“त्या येणार नाहीत. सुट्टीत अर्ज केला त्यांनी, बदली रद्द करून घेतली. आहेत तिथेच राहणार.” लिपिकाने सही तपासली. “आणि तुम्हाला आता एक वर्ष हलता येणार नाही. नियम आहे.”

काका बाहेर येऊन बस स्थानकावरच्या बाकावर बसले. फोन वाजला.

“मी सकाळपासून प्रयोगशाळेत उभी आहे,” मॅडम म्हणाल्या. “नवाच माणूस आलाय. तुम्ही कुठे आहात?”

काकांनी सांगितलं. मग मॅडम हसल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज कापरा झाला.

“मी येतो परत. आत्ता गाडी आहे,” काका घाईने म्हणाले.

“नको. वाटेत आपली चुकामूक होईल. मी येते. तुम्ही जागचे हलू नका.”

गाडी यायला चार तास होते. ऊन बाकावर आलं. पाण्याचा नळ वीस पावलांवर होता आणि काकांच्या घशाला कोरड पडली होती. ते नळाकडे बघत बसून राहिले.