पिकलेली कालवं

सावद्याच्या नासीरभाईंनी जन्मभर तापीतले मासे विकले होते. पण कालव म्हणजे नेमकं काय, हे त्यांना पोत्याचं तोंड सोडल्यावरच कळलं. आत नुसते दगड!

उद्या श्रीवर्धनहून जीनतबी त्यांच्या मुलीला, सादियाला, बघायला येणार होत्या. खाडीतली कालवं काढून विकणारं त्यांचं घराणं. पाहुणचारात कालवं दिसली की सोयरीक जमलीच, असं मध्यस्थ म्हणाला होता. म्हणून नासीरभाईंनी केळी घेऊन मुंबईला गेलेल्या ट्रकातून परतीला हे पोतं मागवलं. आणि आता एक शिंपला उघडेल तर शपथ!

शेजारचे जीवरामभाऊ केळी पिकवण्याच्या धंद्यातले, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी लांबूनच निदान केलं.

"आरे भो, कच्चा माल धाडला तुले! माह्या केये पिकवायच्या खोलीत ठेव. सकायपर्यंत पिकतीन."

"तुमच्या केयांच्या शेजारी हे?"

"तुही पोरगी ते माही पोरगी नाही का?"

संध्याकाळभर नासीरभाईंच्या जिवाला चैन नव्हतं. ते सतरांदा खोलीचं दार उघडून बघत, आणि ऊब जाते म्हणून जीवरामभाऊ त्यांना सतरांदा हाकलत.

सकाळी निम्म्या शिंपल्यांनी आ वासला होता. "पाह्य, पिकले!" जीवरामभाऊ लांबूनच ओरडले. नासीरभाईंनी उघडलेली कालवं टोपलीत सजवली आणि मिटलेली कच्ची म्हणून उकिरड्यावर फेकली. वास जरा उग्र होता. पण असेल यांचा वासच तसा, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

जीनतबींनी उंबऱ्यातच नाकाला पदर लावला.

"अहो, ही मेलेली आहेत! मेलं की कालव तोंड उघडतं. मिटलेली कुठं आहेत?"

"ते... कच्चे होते. मांगं उकिरड्यावर फेकले."

जीवरामभाऊंनी खालमानेनं सगळी हकीकत सांगितली. जीनतबी तडक मागच्या दारी गेल्या. सोयरीक मोडली, हे नासीरभाईंनी ओळखलं. गडबडीत त्यांनी पाहुण्यांसाठी केलेला चहा स्वतःच तोंडाला लावला आणि कप हातात घेऊनच ते मागोमाग धावले.

जीनतबी पदर खोचून उकिरड्याशी बसल्या होत्या. तिथंच पडलेल्या स्क्रू ड्रायव्हरनं शिंपला उघडता उघडता त्या एकदम हसत सुटल्या.

"भाईजान, केळ्यांसारखी पिकवलीत? माझ्या लेकाला असा भोळा सासरा शोधून सापडणार नाही. मुलगी पसंत!"

नासीरभाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात जीनतबींनी एक लिबलिबीत कालव त्यांच्या तोंडासमोर धरलं.

"घ्या व्याही, तोंड गोड करा."

"मले आज रोजा हाये," नासीरभाई म्हणाले, आणि अर्धा चहा राहिलेला कप त्यांनी अलगद जीवरामभाऊंच्या हातात दिला.