आरोहीला शंख चावला

"सर, मला शंख चावला," आरोही म्हणाली आणि तिने बोट पुढे केलं.

भरत सर ओहोटीच्या खडकांवर उभे राहून आठवीच्या मुलांना डबक्यातले जीव दाखवत होते. जुन्नरच्या शाळेत अठरा वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या सरांनी समुद्र मात्र आज पहिल्यांदाच पाहिला होता. आरोहीच्या दुसऱ्या हातात निमुळता, तपकिरी ठिपक्यांचा शंख होता. तो बघताच सहलीआधी मोबाईलवर वाचलेलं सगळं सर विसरले, एवढंच आठवलं: असल्या शंखातली गोगलगाय डंख मारते, त्यावर औषध नाही. आधी जीभ जड होते, मग श्वास.

"टाक तो! नको, टाकू नको! डॉक्टरांना दाखवायला लागंल. दे इकडं!"

सरांनी शंख रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात कोंबला. मग स्वतःच्या बुटाची नाडी ओढून काढली आणि आरोहीच्या बोटावर करकचून बांधली.

"आता बोट बधिर वाटतंय का?"

"व्हय सर. लई."

पोरीचा हात धरून सर बसकडे धावले. बिननाडीचा बूट वाटेत चिखलात राहिला, तो घ्यायलाही थांबले नाहीत. सोबत आलेल्या अश्विनी मॅडमनी धापा टाकत बाकीची मुलं मोजून बसमध्ये चढवली.

"गेणभाऊ, दवाखाना! पळवा गाडी!"

"पर झालं काय?" ड्रायव्हर गेणभाऊंनी विचारलं.

"विषबाधा!"

हा शब्द शेवटच्या बाकापर्यंत गेला. शंख चौघांनी हाताळला होता. सोपान म्हणाला, "माझी पण जीभ जड झाली." पाठोपाठ आणखी तिघांच्या झाल्या. कुणीतरी भोकाड पसरलं. सर एकेकाची जीभ तपासत असतानाच त्यांच्या खिशात काहीतरी हललं. छातीवर, अगदी काळजापाशी. सर जागच्या जागी थिजले. खिशात हात घालायची त्यांची छाती होईना.

जवळच्या गावातल्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी बोटावरची नाडी कापली. बोट पुन्हा गुलाबी झालं. मग त्यांनी सरांच्या खिशातून रुमाल काढून टेबलावर उलगडला. शंखातून पाय बाहेर आले आणि शंख चालू लागला.

"खेकडा आहे हा. रिकाम्या शंखात राहतो. चिमटा घेतला असेल, दुसरं काही नाही." मग त्यांचं लक्ष सरांच्या घामाकडे गेलं. त्यांनी बीपी दोनदा मोजलं. "तुम्ही मात्र आडवे व्हा. निदान तीन तास हलायचं नाही."

चारही जिभा तत्काळ हलक्या झाल्या. मुलं अंगणात खेकड्याभोवती जमली. आरोही तेवढी सरांच्या खाटेपाशी बसून राहिली. इतक्यात सरांचा फोन वाजला. घरून होता. सरांना हलायची मनाई होती, म्हणून तिनेच उचलला.

"काकू, मी आरोही. सर बरे हायेत. फकस्त लई घाबरलेत."

सरांनी कसाबसा हात वर करून, तसं सांगू नको, अशी खूण केली. आरोहीने समजूतदारपणे मान डोलावली.

"न्हाई काकू, घाबरलेत हे तुमाला सांगायचं न्हाई, असं म्हणत्यात."