ठवरेभाऊंचा फटका, रिव्हिजन ई

क्रिकेटचा फटका बॅटने मारतात, असं मी नागपूरहून भिलाईला येईपर्यंत समजत होतो. ठवरेभाऊ तो आधी ट्रेसिंग पेपरवर काढत. खांदा, कोपर, मनगट असे तीन बिंदू, त्यांतून बॅटचा मार्ग दाखवणारी शाईची वळणदार रेघ, प्रत्येक कोन अंशांत लिहिलेला, आणि उजव्या कोपऱ्यात चौकटीत सुबक अक्षरांत: ‘फटका, रिव्हिजन सी. आधीचे ड्रॉइंग रद्द.’

आम्ही दोघं तिथल्या पोलाद कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर, म्हणजे नकाशे शाईने उतरवून काढणारे. कारखाना तेव्हा अर्धा जमिनीवर आणि अर्धा आमच्या कागदांवर उभा होता. यंत्राच्या पायातला एखादा बोल्ट चार इंच सरकला की नवी रिव्हिजन निघायची आणि जुन्या कागदावर ‘रद्द’चा शिक्का बसायचा. आम्ही हा नियम दहा ते पाच पाळायचो. ठवरेभाऊंना तो चोवीस तास लागू होता. त्यांच्या चहाच्याही रिव्हिजन होत्या. कॅन्टीनवाल्याला ते नुसतं “बी वाला” म्हणायचे आणि तो मुकाट्याने साखर कमी टाकायचा.

वय चाळिशीला टेकलेलं, अंगाने काडी, लग्न नाही. का नाही, हे विचारायची सोय नव्हती. रविवारची मॅच सोडली तर त्यांना कुठे जायचं नसे आणि त्यांच्याकडे कोणी येत नसे. शनिवारी संध्याकाळी क्वार्टरच्या पायरीवर बसून ते बॅटला जवसाचं तेल चोळत बसायचे, ते बघून मला उगाच वाईट वाटायचं.

त्यांचा मूळचा फटका हिंगणघाटला विटीदांडूवर तयार झालेला. दिसायला अगदी गावंढळ. बॅट खांद्यावरून आडवी फिरायची, डोळे मिटलेत की काय अशी शंका यायची, आणि चेंडू डावीकडे थेट मैदानाबाहेर. हिवाळ्यातल्या दुपारी लाल मातीचा धुरळा उन्हात तरंगत असायचा आणि त्यातून तो चेंडू इतका सावकाश वर जायचा की आम्ही मॅच विसरून बघत राहायचो. मला तो अजून कधी कधी दिसतो, वरच राहिलेला.

आणि असा फटका असताना या माणसाने एका सोमवारी रिव्हिजन ए काढली.

“जुन्यात ताकद लई वाया जाऊन राहिली होती,” एवढंच कारण दिलं. मग बॅट सरळ खाली आणायचा सराव सुरू झाला. कॅन्टीनच्या रांगेत छत्री घेऊन, साहेबाच्या केबिनबाहेर टी-स्क्वेअरची लांब पट्टी घेऊन. एकदा कारखाना उभारायला आलेल्या एका रशियन इंजिनियरने ते पाहिलं. त्यांच्या गावाकडेही लाकडाने चेंडू मारायचा काही खेळ होता म्हणे. त्याने टी-स्क्वेअर हातात घेऊन खालून वर असा एक झोका दाखवला, आणि दुभाष्याला बाजूला ठेवून हे दोघं पंधरा मिनिटं व्हरांड्यात हवा झोडपत होते. तो झोका रिव्हिजन डी म्हणून दाखल झाला. डीने ठवरेभाऊ तीनदा त्रिफळाचीत झाले.

बीमध्ये धावा निम्म्या झाल्या होत्या, सीमध्ये त्याच्या निम्म्या. ठवरेभाऊ शांत. “ड्रॉइंग बरोबर आहे. अंमल कच्चा आहे.”

आमचे कॅप्टन काळमेघसाहेब रडकुंडीला आले. “ठवरे, हात जोडतो तुमाले. जुना फटका मारा नं जी! कावून बिघडवून राहिले चांगल्या हाताले?” शेवटी त्यांनी बजावलं, दुर्गच्या रेल्वेवाल्यांशी सामना आहे, त्यात चालला नाहीत तर टीममधून नाव कापणार.

आमच्या मैदानाच्या एका टोकाला केबलसाठी चर खणलेला होता, म्हणून सगळ्या ओव्हरी दुसऱ्याच टोकाकडून टाकायच्या; फलंदाजाची डावी बाजू कायम तीच. शेवटचा चेंडू, तीन धावा हव्या, आणि समोर ठवरेभाऊ. गोलंदाजाने घाबरून पायांवर फुलटॉस दिला. असा चेंडू कोणीही डावीकडे भिरकावला असता. बॅट खांद्यावर गेली, आडवी फिरायला लागली, आणि मध्येच थबकून सरळ झाली. रिव्हिजन ई. चेंडू अलगद गोलंदाजाच्या हातात.

काळमेघसाहेबांनी टोपी आपटली आणि तिथेच नाव कापलं. मला मात्र राहवेना. “भाऊ, तुमी मुद्दाम केलं. म्या पाह्यलं.”

ते बॅट काखेत मारून निघाले. मला डावीकडे घेऊन गेले. सीमेपलीकडे गिट्टीचा ढीग होता, आणि त्यामागे मजुरांच्या झोपड्या. बुलडोझरने सगळं साफ केलेल्या त्या माळावर मोहाचं एक झाड तेवढं उरलं होतं. त्याच्या फांदीला लुगड्याची झोळी, आणि झोळीत एक पोर झोपलेली.

“पंधरा दिसाची होती तवा,” ठवरेभाऊ हळूच म्हणाले. “माहा सिक्सर इथं पडला, झोळीपासून एक हातावर. मी बॉल घ्याले आलो, तं तिची माय हासून म्हणते, ‘ले बाबू, तोर गेंद.’ ते हासली रे.”

“मंग झोळी हलवाले सांगाचं नं!”

“कुठं हलवन? सावली एकच आहे.”

“तं काळमेघसाहेबाले सांगा.”

“सांगतलं तं ते झोपड्या उठवतीन. क्रिकेट नाही उठवणार.”

इतक्या दूर चेंडू फक्त त्यांचाच जायचा. तेव्हा त्यांनी बदललं ते स्वतःला, आणि चार महिने सगळ्यांची थट्टा निमूट सोसली. काळमेघसाहेबांना हे मीही सांगितलं नाही.

उन्हाळ्यात तिथलं काम संपलं आणि ठेकेदाराने मजुरांना दुसरीकडे नेलं. मी धावत ठवरेभाऊंकडे गेलो, त्यांना बॅटसकट मैदानावर ओढून आणलं. “भाऊ, मोकळं झालं! मारा आता जुना. काळमेघसाहेबाले मी सांगतो.”

मी चेंडू टाकत गेलो. बॅट आडवी निघायची आणि अर्ध्यावर आपोआप थबकायची. वीस चेंडू, तीस चेंडू. हात तो रस्ताच विसरला होता. मी म्हटलं, “ड्रॉइंग पाहून करा.” तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं, त्या पहिल्या फटक्याचं ड्रॉइंग त्यांनी कधी काढलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ठवरेभाऊंचं तिकडे लक्ष नव्हतं. ते मोहाच्या रिकाम्या फांदीकडे बघत उभे होते.

“काय रे,” ते म्हणाले, “दात आले असतीन नं तिले आता?”